पेण मागे टाकलं

माझं शेवटचं पोस्टिंग राजस्थानात, एका इन्फंट्री बटालियनच्या एमआय रूममध्ये होतं. एमआय रूम म्हणजे युनिटचा दवाखाना. मी हवालदार, नर्सिंग असिस्टंट. सकाळी सहाला सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची तपासणी. छातीत दुखतंय म्हणणारे जवान बहुतेक पीटी चुकवायला आलेले असत. त्यांना गोळी देऊन ग्राउंडवर पिटाळण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, आणि मला त्याचा अभिमान होता.

सुट्टीवर जाणाऱ्यांना लेक्चरही मीच द्यायचो. आजारी पडलात तर जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलात रिपोर्ट करा. सिव्हिल डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलंत तर क्लार्क रडवेल. जीव धोक्यात असेल तर मिळेल त्या दवाखान्यात जा, हेही सांगायचो. पण ते शेवटी, घाईघाईत.

त्या मे महिन्यात मी आणि नायक सदाशिव म्हात्रे एकाच वेळी सुट्टीवर आलो. तो वडखळजवळचा, मी रोह्याला लागून असलेल्या वरसे गावचा. युनिटमध्ये रायगडचे आम्ही दोघेच. माझ्या घराचा स्लॅब टाकायचा होता, म्हणून तो आदल्या दिवशीच हक्काने येऊन राहिला.

सकाळी १०.४० ला त्याने घमेलं खाली ठेवलं आणि वाळूच्या ढिगावर बसला.

"दादा, छातीत आवळल्यासारखं व्हतंय."

"सिक रिपोर्ट संपला, म्हात्रे. ऊठ."

सगळे हसले. तोही हसला. उठून त्याने आणखी दोन घमेली वर दिली.

१०.५५ ला तो परत बसला, तो उठलाच नाही. अंग गार, घामाने बनियन चिंब, डाव्या हातात कळा. मी नाडी धरली. हार्ट अटॅक होता. मला एक क्षणही शंका आली नाही, म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

शेजारच्या बशीरभाईंनी जीप काढली. बारा वर्षं आखातात ड्रायव्हर होते, हात एकदम पक्का.

"हवालदारसाब, सरकारी दवाखान्यात घेऊ? पाच मिन्टांत हाय."

"नाय. मिलिटरी हॉस्पिटल. मुंबई."

"मुंबई? तीन तास जातील."

"लीव्ह सर्टिफिकेटवर तसंच लिहिलंय. चला."

मी सदाशिवला मागे आडवं केलं, डोकं मांडीवर घेतलं. रोहा गेलं, नागोठणं गेलं. वडखळच्या नाक्यावर त्याने मान वळवून अलिबागच्या रस्त्याकडे पाहिलं. त्याचं घर तिकडेच.

१२.१० ला पेण आलं.

"दादा, पेणला थांबूया काय?"

बशीरभाईंनी गाडी हळू केली. "तो सोता बोलतोय, तर दाखवू ना."

मी घड्याळ पाहिलं. सिव्हिलवाल्यांना काय कळतंय, असं माझ्या मनात आलं. खरंच तेच आलं.

"नाय. सरळ मुंबई."

सदाशिव म्हणाला, "ठीक हाय, उस्ताद."

दिवसभर तो मला दादा म्हणत होता; उस्ताद म्हणायचा तो युनिटमध्ये, ड्युटीवर. मी ऑर्डर दिली आणि त्याने ती मानली.

खारपाड्याच्या पुलाअलीकडे १२.२५ ला त्याची मान कलली. जीप रस्त्याकडेला घेतली, त्याला जमिनीवर निजवलं आणि मी छाती दाबत राहिलो. बशीरभाईंनी मला बाजूला ओढलं तेव्हा एक वाजून गेला होता.

युनिटच्या डॉक्टरांना नंतर सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. पहिल्या तासात चघळायला ॲस्पिरिन, एक ईसीजी, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, एवढ्यावर कितीतरी माणसं वाचतात, म्हणाले. सदाशिव वाचला असता का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. पण मी त्याला रोह्यात नेलं नाही आणि पेणलाही उतरू दिलं नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

तो गेला त्याच दुपारी आम्ही त्याला घरी घेऊन गेलो. त्याची बायको रेखा ओट्यावर उभी होती. रडणं ओसरल्यावर तिने विचारलं,

"पेणला दाखवलंत काय, भावोजी?"

"वेळच मिळाला नाय, वहिनी."

तिने मान हलवली. म्हणाली, "तुमी व्हतात म्हणून बरं. फौजेतला माणूस संगं व्हता."

बशीरभाई मागेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जीपमध्ये जाऊन बसले.

नायक सदाशिव म्हात्रे, वय सदतीस, सर्व्हिस सतरा वर्षं. रेखावहिनी अजून त्याच घरात राहते. हे छापून आलं की कोणीतरी तिला वाचून दाखवेल. त्याआधी उद्या सकाळी मी स्वतः जाणार आहे.