ताटाची डावी बाजू

"चटणी नाय, मीठ नाय, लिंबू नाय. मी काय आगंतुक हाय या घरात?"

हिरामण ताटावर ओरडत होता, आणि समोर बसलेली हौसा त्याच ताटाच्या डाव्या कडेला वाढलेली चटणी पाहत होती. ओल्या खोबऱ्याची, हिरवीगार. शेजारी मीठ आणि लिंबाची फोड. लग्न होऊन ती पेणला आली तेव्हापासून वाढत होती, तशीच. त्याने उजवीकडची भाजी संपवली होती. भातही उजवीकडचाच खाल्ला होता. उरलेला भात सुरीने कापल्यासारखा ताटात उभा होता.

"अहो, ही काय चटणी," म्हणत तिने ताट फिरवलं.

चटणी समोर येताच तो चपापला आणि मग जास्तच चिडला. "आत्ता ठेवलीस."

हिरामण गणपतीच्या कारखान्यात डोळे आखायचा. साचा, माती, रंग ही कामं इतरांची. बारीक ब्रशने मूर्तीचे डोळे रेखणं एवढंच त्याचं. कारखाना धाकट्या भावाचा, गुणाजीचा. पण गिऱ्हाईक यायचं ते हिरामणच्या आखणीसाठी. याचा गणपती आपल्याला ओळखतो, असं लोक म्हणायचे.

शहाण्णव सालच्या श्रावणात कोलाडला मूर्ती पोचवून येताना टेंपो उलटला. मूर्ती आधीच उतरवल्या होत्या, हे सगळ्यांनी पहिल्यांदा सांगितलं. हिरामणच्या डोक्याला उजवीकडे, कानाच्या वर मार बसला होता. मुंबईच्या इस्पितळातून तो घरी आला तेव्हा बोलणं शाबूत होतं, आठवण शाबूत होती. लुळा पडलेला डावा हात हळूहळू हलू लागला. डोळे तपासले, तेही चांगले निघाले. वाचला, असं सगळे म्हणाले.

फक्त डॉक्टर तसं म्हणाले नाहीत. "मेंदूच्या उजव्या भागात, वर आणि मागच्या अंगाला एक जागा असते," ते हौसाला म्हणाले. "आपल्या डावीकडेही जग आहे, याची दखल ती ठेवते. तिला इजा झालीय. यांचे डोळे चांगले आहेत. पण तिकडे बघायचं असतं, हेच यांना सुचत नाही."

हौसाने मान हलवली. दिसतं पण सुचत नाही, हे काय असतं, ते तिला घरी आल्यावर कळलं. तो अर्धी दाढी करायचा. डाव्या पायातली चप्पल राहून जायची. कुणी डावीकडून हाक मारली, तर उजवीकडे शोधायचा.

दिवाळीनंतर तो हट्टाने कारखान्यात गेला आणि एका मूर्तीसमोर बसला. ब्रश पूर्वीसारखाच चालला. बुबुळ, पापणी, कोपऱ्यातली लाली. मग ब्रश धुऊन तो म्हणाला, "झाली."

मूर्तीला एकच डोळा होता. हिरामणच्या डाव्या हाताकडची बाजू कोरी होती. कारागिरांनी हातातली कामं थांबवली.

"काय रं, तोंडं का शिवली तुमची?"

गुणाजीने फिरता पाट वळवला. कोरी बाजू हिरामणच्या उजवीकडे आली. त्याने ती बराच वेळ पाहिली, आणि ब्रश फेकून घरी आला.

त्यानंतर हौसाने घराचीच दिशा बदलली. खाट अशी सरकवली की दार त्याच्या उजवीकडे यावं. पाण्याचा तांब्या उजवीकडे. ती स्वतः उजवीकडे बसू लागली. आणि एक दिवस चटणी, मीठ, लिंबूही उजवीकडे आलं. सासूने पाहिलं असतं तर हात धरला असता. श्राद्धाचं पान तेवढं उलटं वाढतात. पण त्या दिवसापासून तो जेवताना ओरडला नाही.

कारखान्यातही ती पाट फिरवायला बसू लागली. तो एक डोळा आखायचा, ती पाट वळवायची, तो दुसरा आखायचा. दोन्ही डोळे देखणे यायचे. पण ते एकाच ठिकाणी बघायचे नाहीत. एक गिऱ्हाईक हसून म्हणालं, "गुणाजीशेट, बाप्पा पेणला बघतोय का रोह्याला?" गुणाजी हसला नाही. त्याने भाच्याला, सखाला, डोळ्यांची आखणी शिकवायला घेतली.

"शिमग्यानंतर आखणी सुरू होईल, वहिनी," तो हौसाला म्हणाला. "तोवर दादाला दोन्ही डोळे एका बैठकीत जमले तर ब्रश त्याचा. नायतर सखाचा."

कुणीतरी सांगितलं म्हणून हौसा त्याला एसटीने रोह्याला नेऊ लागली. तिथे दीना अष्टमकर नावाच्या बाई असं दुखणं आलेल्यांचे व्यायाम घ्यायच्या. त्या कोकणातल्या ज्यू, बेने इस्रायल; त्यांची सगळी भावंडं इस्रायलला गेली होती. त्या रोह्यासमोर, नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या घरीच राहिल्या होत्या. तिकडे जाताना कुंडलिका नदीच्या पुलावर हिरामण डावीकडून येणाऱ्या प्रत्येकाला धडकायचा.

"आंधळा हाय काय?"

"तुझा बाप आंधळा!"

हौसा मग त्याच्या डाव्या अंगाला होऊन चालायची, स्वतः धक्के खात.

दीनाबाईंनी घरातलं सगळं विचारून घेतलं. हौसाने खाट सांगितली, तांब्या सांगितला, ताट सांगितलं. कौतुक होईल असं तिला वाटलं होतं.

"हे बंद करायचं," दीनाबाई म्हणाल्या.

"काय?"

"सगळंच. आमच्यातही चटणी डावीकडेच वाढतात, हौसाताई. ती तिथेच ठेवा. दुखावलेल्या जागेचं काम मेंदूचा शेजारचा भाग शिकू शकतो, पण गरज पडली तरच. डावीकडे वळायची गरजच तुम्ही ठेवली नाहीत."

हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. "माणूस उपाशी उठायचा ताटावरनं. मी केलं ते चुकलं?"

"माया चुकत नाही. पण ती त्यांच्या वाटचं काम करते."

एसटीत ती रागाने धुसफुसत होती. पण घरी येताच तिने खाट परत फिरवली. ताटाच्या आणि कारखान्यातल्या पाटाच्या डाव्या कडेला, दीनाबाईंनी सांगितल्याप्रमाणे, लाल फडक्याची पट्टी बांधली. आधी लाल शोधायचं, मगच हात चालवायचा. हिरामण शिव्या द्यायचा. बरेचदा त्याला लाल सापडायचं नाही, आणि अर्धं ताट तसंच उठायचं. ते ताट धुताना हौसा भांड्यांवर राग काढायची.

शिमगा झाला. गुणाजीने घरच्या पूजेची लहान मूर्ती त्याच्यापुढे ठेवली. हिरामणने मान वळवली, नजर पुढे गेली, परत आली, लाल पट्टी सापडेपर्यंत तो पुटपुटत राहिला. प्रत्येक रेघेआधी तसंच. हौसाने हात पदरात गुंडाळून ठेवले होते. पाटाकडे जाऊ नयेत म्हणून. सकाळी बसलेला तो दुपारी उठला. कपाळावरून घाम गळत होता.

मूर्ती पाहत होती. दोन्ही डोळ्यांनी, एकाच ठिकाणी.

गुणाजीने वाकून मूर्तीचे डोळे पाहिले. मग मान खाली घालून म्हणाला, "दादा, सकाळपासून एकच झाली. मला दिवसाला किती लागतात, तुला ठावं हाय."

"दोन्ही डोळे म्हणालास. झाले ना?"

"झाले. घरची मूर्ती तूच आखायची, दर साली. बाकीच्या सखा करील."

हिरामणने ब्रश फेकला नाही. धुतला, पुसला आणि सखाच्या डबीत ठेवला. तेच हौसाला बघवलं नाही.

घरी तिने पान वाढलं. त्याने भाजी संपवली, भात अर्धा केला, आणि हात थांबला.

"चटणी नाय वाढलीस."

ताट फिरवायला उठलेला हात हौसाने मांडीखाली दाबून धरला.

"बहिरी झालीस काय गो?"

ती भिंतीकडे बघत राहिली. त्याने रागाने मान वळवली. थोडी, मग आणखी. बोट भातावरून सरकत सरकत लाल पट्टीला लागलं. तिथून मागे येऊन ते चटणीत बुडालं.

त्याने चाखून पाहिली.

"खारट झालीय," तो म्हणाला, आणि सगळी संपवली.