एक फोड मावशी

दार उघडलं की मावशी आधी काही विकायची नाही. आधी तोंडात फोड घालायची. नमस्कार, भाव, हवापाणी सगळं नंतर. काकडी, पेरू, कच्ची पपई, कधी नुसता गाजराचा तुकडा. कमरेला खोचलेल्या लहान चाकूनं टोपलीवरच कापायची आणि जो दार उघडेल त्याच्या ओठांपाशी धरायची. गोखिवऱ्यातल्या आमच्या चार मजली इमारतीत तिचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे तिला 'एक फोड मावशी' म्हणत. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून, दोन रिक्षा बदलून ती भुईगावाहून यायची आणि डोक्यावर टोपली घेऊन जिने चढायची.

त्या काळात मी बटाट्याला भाजी आणि जॅमला फळ समजत असे. साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी रोज फळं-भाज्या खायला सांगितल्या. मी शिस्तीत कामाला लागलो. एक तक्ता छापून फ्रिजवर चिकटवला आणि रविवारी आठवडाभराचा पालक आणून आत कोंबला. तक्ता टिकला. गुरुवारी फ्रिजमधून हिरवं पाणी ओघळत फरशीवर आलं. बायको ते पुसत होती, तेवढ्यात मावशी दारात.

"काय ओ दादा, पालकाचा रस काढलात?"

"आठवड्याचा आणला होता, मावशी."

"आठवड्याचा चहा एकदम करून ठेवता का? मग?"

तेव्हापासून ती मला एका दिवसापुरतीच भाजी द्यायची. जास्त मागितली तरी नाही. "उद्याची उद्या. मी काय मेले नाय."

तिचे उपाय माझ्या तक्त्यापेक्षा सोपे होते. भात शिजेपर्यंत माणूस फरसाणाचा डबा शोधतो, म्हणून तो डबा तिनं माळ्यावर टाकायला लावला आणि त्याच्या जागी काकडी-मुळ्याची ताटली ठेवायला सांगितली. केळी चपलांच्या कपाटावर, म्हणजे निघताना हात जातो. आमटीत रोज मूठभर पाला, कुठला ते विचारायचं नाही. माझ्या मुलीला दुधी चालत नसे. मावशीनं तो थालीपिठात किसून घालायला शिकवलं आणि वर्षभर तो बिनबोभाट तिच्या पोटात गेला. मग एक दिवस मीच ऐटीत गुपित फोडलं. मुलीनं थालीपीठच सोडलं. "दादा," मावशी म्हणाली, "तुमचं तोंड खायला ठेवा. बोलायला नका वापरू."

ती एवढे जिने का चढते, हे तिनं एकदा आमच्याकडे पाणी पिताना सांगितलं. ही भाजी पिकायची ती वाडी सासऱ्यांची. दिराला ती बंगल्यांसाठी बिल्डरला द्यायची होती आणि मावशीनं आपली सही अडवून धरली होती. "टोपली रिकामी घेऊन गेले की घरात कोण काय बोलत नाय. भरलेली नेली की दीर म्हणतो, बघ, तुझी भाजी आता कोण खातं?"

मग मी शहाणपणा केला. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणाऱ्या एका टायवाल्या तरुणानं मला दारातच गुंडाळलं. यंत्र तिसऱ्या दिवशी गळायला लागलं. त्या वर्षी मी सोसायटीचा सचिव होतो. आपण फसलोय हे कुणाला कळायच्या आत मी रहिवाशांच्या सुरक्षेवर भाषण ठोकलं आणि ठराव मांडला: कोणत्याही विक्रेत्याला आत प्रवेश नाही. टाळ्या पडल्या. फाटकावर नोटीस लागली, खाली नाव नाही, नुसतं 'सचिव'. दुसऱ्या सकाळी वॉचमननं मावशीला अडवलं. तोवर ती माझ्या डोक्यातही आली नव्हती.

ती फाटकाबाहेर उन्हात बसायला लागली. पण भाजीसाठी तीन-तीन मजले उतरायचं सगळ्यांच्या जिवावर येई. माणसं फोनवर भाजी मागवू लागली. दुपारपर्यंत पाला मान टाकायचा आणि अर्धी टोपली परत जायची. नियम एका ओळीत बदलता आला असता. पण बदलायचा तर तो का केला होता, हे सांगावं लागलं असतं. मी 'पुढच्या मीटिंगला घेऊ' म्हणत राहिलो आणि ऑफिसला जाताना मागच्या फाटकानं निघू लागलो. पावसाळ्यानंतर मावशी यायची थांबली.

नाताळच्या आधी मी हिय्या करून भुईगावला गेलो, सगळं कबूल करायला. वाडीभोवती पत्र्याचं उंच कुंपण होतं. शेजारीच आपल्या घराच्या ओट्यावर मावशी बसली होती आणि सुनेनं फोनवरून मागवलेली भेंडी निवडत होती.

"दिली शेवटी सही," ती म्हणाली. "किती दिवस भरलेली टोपली दाखवू त्यांना?" मग पुढची भेंडी उचलत, "तुमचा तो सचिव कोण हो? एकदा बघायचाय मला. तुम्ही असतात ना दादा त्याच्या जागी, तर मला वर सोडलं असतंत."

"गेला तो. फ्लॅट विकून."

"बरं झालं. आता तुम्ही व्हा सचिव."

मी 'बघतो' म्हणालो.

पुढच्याच मीटिंगमध्ये मी तो नियम रद्द केला. कुणी कारण विचारलं नाही, कुणाचा विरोध नव्हता. आता कोणीही विक्रेता आमचे जिने चढू शकतो. कोणी येत नाही.