ओढ की ओड

घोड्यावरून पडायला आधी घोड्यावर चढावं लागतं, आणि माझी त्यातच अर्धी सकाळ गेली.

मुळात शिकणार होती आमची सई, वय वर्षं दहा. होटगीच्या माळावर मल्लप्पा नावाचे गृहस्थ घोडेस्वारी शिकवतात. पहिल्याच रविवारी सई त्यांच्या गंगी घोडीवरून घसरली, गुडघा खरचटला आणि "मी परत बसणार नाही" म्हणून मोकळी झाली. आठवडाभर ती चित्रातला घोडा दिसला तरी पान उलटायची. मला ते बघवेना. त्या भरात बोलून गेलो, "येत्या रविवारी आधी मी बसतो, मग तू." (मी आजवर म्हशीजवळूनही कधी गेलो नव्हतो.)

रविवारी गंगीची पाठ माझ्या हनुवटीला लागली.

"माझं पोट दुखतंय," मी बायकोला हळूच म्हणालो.

"पोरीला शब्द दिलाय न्हवं?" सुमन म्हणाली. "चढा मग. बगतीय ती."

सई खरंच बघत होती. मी चढलो. म्हणजे मल्लप्पांनी खालून लोटलं, मी वर पोत्यासारखा आडवा पडलो आणि यथावकाश बसता झालो.

"लई सोपं हाय सर. थांबायचं तर लगाम मागं घ्या," म्हणत ते बाजूला झाले.

गंगी दोन पावलं चालली. मला वाटलं, संपलं सगळं.

"अहो, लगाम ओडा," सुमन ओरडली. "ओडा की!"

गंगी दुडक्या चालीनं निघाली.

आता सांगायलाच हवं, की मी शाळेत मराठी शिकवतो. वीस वर्षं वह्यांतला 'ओड' खोडून 'ओढ' लिहितोय. सुमनपुढे मात्र हात टेकले. ती माहेरच्या माढ्यालाही 'माडा' म्हणते. पण त्या क्षणी माझाही ढ गळून पडला. "ओड, अरे ओड," मी स्वतःलाच बजावू लागलो आणि गंगी चौखूर उधळली. मी लगाम सोडून आयाळ धरली, डोळे मिटले आणि विम्याचे कागद कुठल्या कप्प्यात आहेत ते आठवू लागलो.

"निल्लु, गंगी, निल्लु!"

मल्लप्पांच्या आवाजासरशी घोडी जागीच थांबली. मी थोडं पुढे जाऊन शेणात थांबलो.

"सर, घोडी अक्कलकोटची," मल्लप्पा धापा टाकत म्हणाले. "तिला कन्नडच कळतंय. कन्नडात ओड म्हंजे पळ. तुमी दोगं मिळून तिला पळ पळ म्हणत हुता की."

सई हसून हसून खाली बसली होती. मग डोळे पुसत उठली. "काका, थांब म्हणजे निल्लु ना? मला बसवा. बाबा एवढे पडले तरी बोलतायत की अजून."

तिनं अख्खी फेरी मारली, माझ्यासमोर येऊन "निल्लु" म्हणाली आणि गंगी थांबली. मला फार आनंद झाला. फक्त उठता येत नव्हतं.

सोमवारी एका वहीत 'त्याने दोर ओडला' असं वाक्य सापडलं. लाल पेन उचललं, तशी कंबरेत कळ आली. मग खोडलं नाही. समासात एवढंच लिहिलं, "घोड्यावर असताना म्हणू नये."