फरशीशी काटकोन

रविवारी सकाळी नऊ वाजता शाळेची भिंत पडली. तिच्याखाली माझे वडील गेले. ती भिंत सरळ आहे असं मी चार दिवसांपूर्वी लिहून दिलं होतं.

लोणावळ्याच्या त्या शाळेत मी सातवीला भूमिती शिकवत असे. दुसरी लढाई सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. आबा, म्हणजे माझे वडील, कुसगावचे गवंडी. कौलं गळायला लागली की हेडमास्तर त्यांनाच बोलावत. त्या बुधवारी ते शिडीवरून उतरले आणि ओल्या पायांनी तसेच ऑफिसात आले.

"सायेब, सातवीची मागली भिंत भायेर कललीया. वर्ग खाली करा."

शुक्रवारी डिपोटी येणार होते. डिपोटी म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी. हेडमास्तर माझ्याकडे वळले. "सदाशिवराव, भूमिती तुमचा विषय. काय ते बघून मला लिहून द्या."

आम्ही तिघे मागच्या अंगाला गेलो. आबांनी वळचणीपासून ओळंबा सोडला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. दोरी थांबली की ती अगदी उभी रेषा. वर दोरी भिंतीला टेकली होती, खाली भिंतीपासून दूर होती.

"चार बोटं," आबा म्हणाले.

"वाऱ्यानं दोरी हलतेय, आबा."

"दोरी हलंल. चार बोटं कशी हलतील, मास्तर?" चारचौघांत ते मला मास्तर म्हणत. कौतुकानं की चिडवायला, ते मला कधीच कळलं नाही.

आम्ही वर्गात आलो. मी मोठा गुण्या घेतला. गुण्या म्हणजे लाकडी काटकोन. फळ्यावर आकृती काढायला आम्ही तो वापरत असू. एक बाजू फरशीवर ठेवली, दुसरी भिंतीला लावली. मधे कागदसुद्धा शिरेना. तीन ठिकाणी लावून पाहिला. तिन्ही ठिकाणी तेच.

"काटकोन आहे. म्हणजे भिंत लंब आहे," मी म्हणालो. मागच्या बाकावरची मुलं मान वळवून बघत होती. बापासमोर, मुलांसमोर बरोबर ठरल्याचा मला आनंद झाला होता. तो आनंद मला अजून आठवतो.

आबांनी फरशीकडे बोट दाखवलं. "फरशीवर तांब्याभर पानी वतून बगा."

हेडमास्तर हसले. "तपासणीच्या तोंडावर वर्ग भिजवू म्हणता? तुमच्या मुलानं मोजलंय हो."

"व्हय. त्यानं मोजलंय," आबा म्हणाले आणि शिडी उचलून गेले.

तपासणी पार पडली. डिपोटींनी मुलांना लंबाची व्याख्या विचारली. सगळ्यांनी एका सुरात सांगितली.

रविवारी शाळेचा शिपाई घरी आला तेव्हा मी वह्या तपासत होतो.

"मास्तर, भिंत पडली. आबा तितंच व्हते."

मी त्याला म्हणालो, "भिंत पडणार नाही. मी मोजली आहे." आणि हातातल्या वहीवर बरोबरची खूण केली. मग उठलो.

आबा पहाटेच कुसगावहून बैलगाडीत चार वासे घालून आले होते. भिंतीला बाहेरून टेकू द्यायला. शिपायानं विचारलं तेव्हा म्हणाले होते, "उद्या पोरं बसायची हायती हितं. मास्तरला सांगू नगंस, त्येला वाईट वाटंल." दोनच वासे लावून झाले होते.

तेराव्यानंतर मी एकटाच त्या वर्गात गेलो. तीन भिंती उभ्या होत्या. फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं. ते जराही न थांबता पडलेल्या भिंतीच्या बाजूला धावलं. पागोळ्यांचं पाणी मुरून त्या अंगाचा पाया खचला होता. भिंत बाहेर कलली तशी फरशीही तिकडेच उतरली. दोघींमधला काटकोन तसाच राहिला. गुण्या खोटं बोलला नव्हता. मी त्याला भलतंच विचारलं होतं.

पाणी जिथे साचलं तिथे पाटीवरच्या पेन्सिलींचे पाच-सहा तुकडे पडले होते. त्या वर्षी मुलांच्या पेन्सिली सारख्या मागे घरंगळत. नीट धरत नाहीत म्हणून मी मुलांना छड्या मारल्या होत्या.

लंब म्हणजे एखाद्या रेषेशी काटकोन करणारी रेषा. ती उभी असेलच असं नाही. ज्या रेषेवर ती टेकली आहे तीच तिरपी असेल, तर लंबही तिरपा. हे पुस्तकात होतं, मी दरवर्षी शिकवत होतो. आता मुलगा 'लंब' म्हणाला की मी आधी विचारतो, "कशाला लंब?" उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाही.

मी लिहून दिलेला कागद हेडमास्तरांनी मला परत केला. तो माझ्याकडे आहे. नवी भिंत मी आबांच्या ओळंब्यानं तपासली. ती सरळ आहे.