अंडी, अक्रोड आणि उखाणा

माझ्या नवऱ्याच्या डोक्याला कारखान्यात मार लागला, आणि तो बरा व्हायला जेवढे दिवस लागले त्यातले निम्मे माझ्यामुळे लागले.

साल एकाहत्तर. लढाई व्हायची होती, पण जबलपुरात दारूगोळ्याच्या कारखान्याचा भोंगा तिन्ही पाळ्यांना बोंबलायला लागला होता. हे तिथे लेथ मशीनवर होते. एके दिवशी रचलेल्या खोक्यांमधलं सगळ्यात वरचं खोकं ह्यांच्या डोक्यावर आलं. (रिकामं होतं. भरलेलं असतं तर ही गंमत लिहायला मी बसले नसते.) चार दिवस दवाखान्यात ठेवून डॉक्टरांनी घरी सोडलं. डॉक्टर पंजाबी, आवाज परेडीवरचा.

"दिमाग को अंदर से चोट है. नसें धीरे-धीरे भरती हैं. दवाई से ज्यादा खाना काम करेगा," ते मला म्हणाले. "अंडा, दूध, दाल, पालक, अखरोट. थोडा-थोडा, दिन में पाँच बार. और दिमाग पर जोर बिलकुल नहीं!"

महिन्याने तपासणी होती. पास झाले तर मशीनवर. नाही झाले तर काय, हे डॉक्टर बोलले नाहीत आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

मी तेव्हा एकवीस वर्षांची, मॅट्रिक पास, त्यामुळे सर्वज्ञ! डॉक्टरांची यादी मी तोंडपाठ केली. फक्त शेवटचं वाक्य काही पाठ झालं नाही.

आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. सासूबाईंना कसं सांगावं म्हणून मी दाराशी घुटमळत होते, तर त्याच म्हणाल्या, "काहून उभी आहेस? औषधाला कसलं सोवळं? मागच्या व्हरांड्यात सिगडी मांड. अन् माझ्या पळीला हात लावू नको, म्हणजे झालं!"

तर खाणं सुरू झालं. पण गुण येतोय की नाही, हे कळायचं कसं? ताप असता तर थर्मामीटर लावला असता. मेंदूला काय लावणार? मग मी स्वतःच परीक्षा घ्यायचं ठरवलं.

"सतराचा पाढा म्हणा."

"अगं, आत्ता?"

"म्हणा!"

सतरा साती एकशे एकोणीसपर्यंत गाडी नीट आली. पुढे सिग्नलच मिळेना. दुसऱ्या दिवशी एक अंडं वाढवलं. (सतरा आठे ह्यांना शाळेतही येत नव्हतं, हे नणंदेने मला फार उशिरा सांगितलं.)

मग विचारलं, "माझ्या मावशीचं नाव काय?"

"कोणत्या? तुला चार आहेत."

"कोणतीही सांगा!"

"...मावशी."

चार अक्रोड वाढवले.

आठवडाभरात ह्यांच्या वाट्याला तीन अंडी, दोन शेर दूध आणि रोज एक चाचणी परीक्षा आली. पालक तर इतका, की भाजीवाला भैया आमच्या दारातच टोपली रिकामी करू लागला. एवढं करून ह्यांचं डोकं पुन्हा ठणकायला लागलं. मी घाबरून सगळ्यात मोठा प्रश्न बाहेर काढला.

"लग्नात घेतला होता तो उखाणा म्हणा."

ह्यांनी भिंतीकडे पाहिलं. "नर्मदेच्या पाण्यात..."

"पुढे?"

"...मासे."

"पुढे?"

"...असतील."

मी पदर तोंडाला लावून जे रडायला लागले! सासूबाई पळत आल्या. "काहून रडून राहिली? काय झालं पोराला?"

"आई, ह्यांना आपला उखाणा आठवत नाही! नोकरी गेली हो आता!"

"अवं, त्याले कधी येत होता? मांडवात माझी लेक मागं उभी राहून एकेक शब्द सांगत होती. तुला काय वाटलं, यानं पाठ केला होता?" मग त्यांची नजर बदलली. "थांब. तू रोज असे प्रश्न विचारून राहिलीस? डॉक्टर जोर देऊ नका म्हणाला अन् तू शाळा उघडली? म्हणूनच डोकं दुखून राहिलं त्याचं!"

शाळा त्या क्षणी बंद झाली. अंडी एकावर आली, अक्रोड दोनावर, आणि मी स्वयंपाकघरात. हे दुपारभर अंगणातल्या पेरूच्या झाडाखाली पडून राहू लागले. आठ दिवसांत ठणका गेला.

तपासणीचा दिवस आला. डॉक्टरांनी ह्यांना एका पायावर उभं केलं, शंभरापासून उलटं मोजायला लावलं, डोळे मिटून बोल्टवर नट चढवायला लावला. सगळं फक्कड! कागद भरता भरता त्यांनी मला विचारलं, "घर में कुछ भूलते तो नहीं?"

मी गप्प बसणार होते. देवाशपथ.

"नहीं डॉक्टरसाब... बस, वो उखाणा..."

पेन थांबलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक. "ये कौनसी बीमारी है?"

मला सगळं सांगावं लागलं. नवरा-बायकोने यमक जुळवून एकमेकांचं नाव घ्यायचं असतं, वगैरे. डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "अच्छा! तो आपने भी बोला होगा. सुनाइए."

"हाँ, सुनिए ना! चांदीच्या ताटात ठेवले पेढे पाच..." मी थाटात सुरुवात केली आणि थांबले. पंख्याकडे पाहिलं. "चांदीच्या ताटात... पेढे पाच..."

आणि माझ्या मागून, नट-बोल्ट हातात धरून उभ्या असलेल्या माझ्या जखमी नवऱ्याचा हळू आवाज आला: "संसारात ह्यांच्या नाही कुणाला जाच." ('ह्यांच्या'च्या जागी नाव होतं; ते मी लिहायची नाही.)

डॉक्टरांनी ह्यांच्या कागदावर 'फिट' लिहिलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत ह्यांना म्हणाले, "अंडा-अखरोट बंद मत करना. बस, अब इनको खिलाओ."

अक्रोड मी आजतागायत खाते. उखाणा मात्र अजून ह्यांनाच विचारावा लागतो.