सही करणारा आत बसतो

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, रणगाडे दुरुस्तीच्या कारखान्यात बावीस वर्षं तपासनीस आहेत आणि या बावीस वर्षांत ते एकदाही रणगाड्याच्या आत उतरलेले नाहीत. बाहेरून चिलखतावर पेनाने टकटक करायची, मान डोलवायची आणि सही ठोकायची, ही त्यांची तपासणी. पन्नास टन लोखंड पेनाला काय उत्तर देणार? पण भावोजींना ऐकू येतं म्हणे.

स्वतःला साहेब म्हणवून घ्यायचा त्यांना भारी सोस. मी तिथलाच फिटर. रविवारी घरी माझ्याबरोबर पत्ते कुटतात, पण कारखान्यात चुकून तोंडातून 'भावोजी' निघालं, की चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होतो. बहिणीनेही फोनवर 'साहेब आंघोळीला गेलेत' असंच सांगायचं. फक्त त्यांचा जावई दाद देत नाही. तो सैन्यात रणगाडा चालवतो आणि चारचौघांत त्यांना खुशाल 'बाबा' म्हणतो.

आमच्याकडे एक जुना नियम आहे. दुरुस्त झालेली गाडी दोन पुरुष खोल हौदातून पार न्यायची आणि ज्याने सही केली त्याने आत बसायचं. भावोजींचे गुडघे नेमके त्याच दिवशी धरतात. मग हाताखालचा कुणीतरी मुकाट आत जातो.

त्या आठवड्यात गाडी न्यायला जावयाचीच तुकडी आली. चालकाच्या सीटखाली, गाडीच्या पोटाला, संकटात निसटण्यासाठी एक झाकण असतं. त्याच्या कडेचं रबर पार कुजलं होतं. सोमवारी मी त्याचा तुकडा काढून भावोजींच्या हातावरच ठेवला.

"बदलून घेतो," ते म्हणाले. तुकडा टाकला आणि रुमालाला हात पुसले.

गुरुवारी गाडी हौदाच्या काठावर आली. अंगावर ताजा हिरवा रंग. जावयाने वरून डोकं बाहेर काढलं, तोंडभर हसला.

"बाबा, या ना! आज मी चालवतोय. तुम्ही आत बसलात की फोटो काढू, घरी दाखवू."

भावोजींचा हात गुडघ्यावर गेला. "तू हो पुढे. मला आज वाकवत नाही."

एवढंच असतं तर मी नेहमीसारखा मनात हसलो असतो. पण ते काठापासून चार पावलं मागे सरकले आणि माझ्याकडे बघेनात.

"रबर बदललं ना?" मी विचारलं.

"वरून रंग मारून घेतलाय. एवढ्याशा पाण्याला काय होतंय?"

मला शिसारी आली. कुजक्या रबरातून पाणी आत शिरून इंजिन बंद पडलं, तर वरचं झाकण कुणाच्या बापाला उघडत नाही, एवढं पाण्याचं वजन असतं. हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक. पोटच्या पोरीचा नवरा आत बसलाय आणि या माणसाला भीती कसली, तर आपली सही खोटी पडेल याची!

मी धावत गाडीच्या पुढ्यात गेलो आणि दोन्ही हात आडवे केले. इंजिन थांबलं. मी ओरडून सांगितलं तसा जावई खाली वाकला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तेव्हा त्याच्या मुठीत रबर होतं. वरून हिरवं, आतून नुसता भुगा.

"मामा, यांना कधी सांगितलं होतं तुम्ही?"

"सोमवारी."

भावोजींनी घसा खाकरला. "तसा मी थांबवणारच होतो तुला..."

जावई त्यांच्यासमोर ताठ उभा राहिला. "साहेब, गाडी परत तपासा. या वेळी आत उतरून."

भावोजी कसंनुसं हसले. "अरे, साहेब काय? बाबा म्हण की."

त्याने तो भुगा त्यांच्या फायलीवर ठेवला आणि आपल्या माणसांकडे निघून गेला. आता तो घरी आला तरी त्यांना साहेबच म्हणतो.