पलंगातले वकीलसाहेब

आमच्या घरात एक भूत होतं, आणि ते मी घासाघीस करून आणलं होतं.

भूत पलंगासोबत आलं. पलंग एका दिवंगत वकिलांचा. "यावरच गेले हो ते," त्यांच्या पत्नी डोळे पुसत म्हणाल्या. "मग भाव आणखी उतरवा," मी म्हणालो. (हातगाडीवर फळ्या ओढून मी लकडगंजात वखार उभी केली. हळवा होऊन आजवर एक खिळासुद्धा घेतलेला नाही!) पलंग घाईने घ्यायला कारण होतं. काटोलचे एक संत्र्यांचे बागायतदार नवा बंगला बांधत होते. सगळी दारं-खिडक्या माझ्याकडून घ्यायची की नाही, हे ते आमच्या घरी जेवायला येऊन ठरवणार होते. घरातलं सागवान पाहून माणसाचा विश्वास बसतो.

चौथ्या दिवशी, भर दुपारी, पलंग बोलू लागला.

उन्हाळा लागला की नागपुरात बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, आत ओलसर काळोख. त्या काळोखात माझ्या उशाखालून आवाज आला. कर्र... कर्र... कर्र. जुन्या टाकाने कोणी कागदावर लिहीत असावं तसा!

"कोण आहे?" मी ओरडलो. आवाज थांबला. कोणीतरी श्वास रोखून माझंच ऐकत होतं. मग पुन्हा, सावकाश, कर्र... कर्र.

"वकीलसाहेब लिहून राहिले," बायको पुटपुटली.

"काय लिहून राहिले?"

"दावा! तुमच्यावर! विधवा बाईचा पलंग फुकटात आणला न तुम्ही!"

दुसऱ्या दिवशी पलंगाखाली पिठासारख्या भुकटीची छोटी रास दिसली. झाडली, तर तिसऱ्या दुपारी तिथेच नवी! बायकोने हात जोडले. "अंगारा!" तिने तो चांदीच्या करंड्यात भरला. शेजारणी वाट्या घेऊन आल्या. मी रोज कपाळभर फासून वखारीत जाऊ लागलो.

आमची सुली आठवीत होती. शाळेत विज्ञानाला नव्या मॅडम आल्या होत्या. पुस्तक शिकवायचं सोडून त्यांनी पोरींना किडे पाहायला लावलं. प्रश्न लिहा, अंदाज बांधा, आणि तो खोटा ठरतो का ते तपासा! बापाला खोटं ठरवायला शिकवणाऱ्या शाळेची फी मी भरत होतो. तो राग अजून गेलेला नाही.

सुली घड्याळ आणि वही घेऊन पलंगाखाली शिरली.

"काय करून राहिली वं?"

"सेकंद मोजून राहिली, बाबा. तुम्ही ओरडले की आवाज थांबते. पण मी लाकडावर नुसती टिचकी मारली तरी थांबते."

"भुताले कान नसतात का?"

"असतील जी. पण मग पोटही असन. काळा कागद ठेवला खाली, आवाज आला की त्यावर वरून भुकटी पडते."

"चूप! मॅडमले सांग, आमच्या घरात डोकं नको खुपसू म्हणा!"

रविवारी बागायतदार आले. पोटभर जेवले. मी त्यांना पलंगावर बसवलं. "हात फिरवून पाहा. माझ्या नजरेनं पारखलेलं सागवान आहे."

कर्र... कर्र... कर्र.

ते ताडकन उठले. "काय वाजून राहिलं, सेठ?"

"आधीचे मालक," मी आवाज खाली आणला. "पण पावले आम्हाला. अंगारा घ्या."

त्यांनी टोपी काढली, डोळे मिटले आणि कपाळाला तीन बोटं ओढली. उरलेली चिमूट तोंडात टाकली!

तेवढ्यात पलंगाखालून सुली निघाली. एका हातात पलंगाची उचकटलेली पट्टी, दुसऱ्या हातात काड्यापेटी. पेटीत एक पांढरी, गुबगुबीत अळी वळवळत होती.

"बाबा, सापडला! घुण! लाकूड खाते हा."

"आणि तो अंगारा?" बागायतदारांनी विचारलं.

"त्याची शी, काका."

तिकडे पलंगातली उरलेली मंडळी पुन्हा जेवायला बसली. कर्र... कर्र.

बागायतदारांनी पट्टी खिडकीपाशी नेली, नखाने रंग खरवडला. "काहो सेठ, हे सागवान आहे? आंब्याच्या फळीले रंग देऊन विकलं तुम्हाले कोणीतरी!" त्यांनी तोंड धुतलं, टोपी घातली आणि ऑर्डर घेऊन दुसऱ्या वखारीत गेले. आणि ती डोळे पुसणारी बाई! मी भाव उतरवत होतो तेव्हा ती पदराआड नक्की रडतच होती का, हे मला आजही कळलेलं नाही.

महिनाअखेर शाळेत प्रदर्शन होतं. मी मॅडमशी भांडायला तावातावाने गेलो. दाराशीच सुलीचा तक्ता, बरणीत अळी, कुपीत भुकटी. समोर माझी चार जुनी गिऱ्हाइकं उभी राहून मोठ्याने वाचत होती :

"चुकलेला अंदाज : भूत. अंदाज कोणाचा : माझे बाबा. अनुभव : लाकडाच्या धंद्यात वीस वर्षे."